ब्लेंडरमध्ये बॉस फिरवताना साईज बिघडतेय, पॅटर्नचं काम अडलंय

उद्यमनगरकर
नमस्कार मंडळी. मी पॅटर्न शॉपला आहे, लाकडी पॅटर्नवर (ओतकामाचा साचा ज्यावरनं उठवतात तो नमुना) हात बसलेला, आता शॉपमध्ये थ्रीडी प्रिंटर आलाय म्हणून ब्लेंडर (थ्रीडी मॉडेल काढायचं सॉफ्टवेअर) शिकालोय. पंपाचं गोल कव्हर आहे, 200 मिमीचं, कडेनं 6 बॉस (बोल्टसाठीचे गोल उंचवटे), पीसीडी (बॉसची सेंटरं ज्या वर्तुळावर येतात त्याचा व्यास) 180. एक सिलिंडर घेतला, एस (स्केल) दाबून निम्मा केला, मग एस झेड करून उंची कमी केली आणि जी (सरकवणे) दाबून जागेवर नेऊन ठेवला, इथपर्यंत सगळं ओके. आता आर झेड 60 (झेड अक्षाभोवती 60 अंश फिरव) मारलं की बॉस जागेवरच स्वतःभोवती फिरालाय, कव्हरचं सेंटर धरतच नाही. मग एकजण म्हणाला अॅरे (एकाच्या ओळीनं कॉप्या काढणारा मॉडिफायर) लाव, एम्प्टी (नुसती खुणेची रिकामी वस्तू) घे आणि ती 60 ला फिरव. तसं केलं तर पुढचा प्रत्येक बॉस आधीच्यापेक्षा मोठा व्हायला लागलाय, शेवटचा तर कव्हर सोडून बाहेर. बेव्हेल (कडेची उतरण) पण वरनं वेगळा, बाजूनं वेगळा येतोय. काय चुकतंय सांगा राव.

राजारामपुरी_थ्रीडी
भावा, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिलिंडर सिलेक्ट करून एन दाब, उजवीकडं पॅनेल येईल, त्यात स्केल बघ. तिथं 0.5 किंवा असलं काहीतरी दिसेल, आणि झेडचा आकडा वेगळाच असेल. म्हणजे तू ऑब्जेक्ट मोडमध्ये एस मारलास तेव्हा आतला मेश (मूळ आकार) होता तसाच राहिला, नुसता गुणाकार वर लागला. अॅरेला एम्प्टी दिली की तो बॉस आणि एम्प्टी यांच्यातला फरक काढतो आणि तोच फरक प्रत्येक कॉपीला परत परत लावत जातो. एम्प्टीचा स्केल 1, बॉसचा 0.5, म्हणून पुढचा डबल, त्याच्या पुढचा त्याच्याही डबल. बेव्हेलचं दुखणं पण हेच, एक्स-वायचा गुणाकार वेगळा आणि झेडचा वेगळा, म्हणून कड एकीकडं ताणली जाते. कंट्रोल ए दाब, स्केल निवड, आकडे सगळे 1 होतील आणि बॉस दिसायला तेवढाच राहील.

आता फिरण्याचं. ते पिव्होटवर, म्हणजे ज्या बिंदूभोवती फिरवायचं त्यावर असतंय. शिफ्ट सी दाबलास की थ्रीडी कर्सर शून्यावर येतो (कव्हर शून्यावरच काढलंयस असं धरतो), मग टिंब दाबून पिव्होट थ्रीडी कर्सर कर, आर झेड 60 बरोबर सेंटर धरून फिरेल. अॅरेच वापरणार असशील तर राईट क्लिक करून सेट ओरिजिन, ओरिजिन टू थ्रीडी कर्सर. बॉसचा ओरिजिन (त्याचा मूळ बिंदू) आणि एम्प्टी दोन्ही कव्हरच्या सेंटरला पाहिजेत.

पन्हाळा_रोड
वरचं बरोबर आहे, फक्त कंट्रोल ए मध्ये ऑल ट्रान्सफॉर्म्स मारायची सवय लावून घेऊ नको, लई जण तेच करतात. समजा एखादा बॉस तिरका आहे, 30 अंशात. रोटेशन अप्लाय केलंस की त्याचा स्वतःचा झेड गेला, परत सरळ जगाचा झेड झाला. नाही केलंस तर जी झेड झेड, म्हणजे झेड दोनदा दाबलं की बॉस त्याच्याच तिरक्या अक्षावर पुढंमागं सरकतो, लांबी बसवायला एकदम सोपं. स्केल अप्लाय कर, रोटेशन राहू दे.

उद्यमनगरकर
जमलं! सहाच्या सहा एकसारखे आले, बेव्हेल पण सुधारला. आता श्रिंकेजसाठी (धातू गार होताना आकसतो त्याच्यासाठी) सगळं सिलेक्ट करून एस 1.01 मारलं की झालं ना? सीआय (कास्ट आयर्न, बीड) कास्टिंग आहे.

शिरोली_पॅटर्न
थांब, आधी अॅरे अप्लाय कर. बॉसला 1.01 लागलं आणि एम्प्टी 1 वरच राहिली तर मघाचाच प्रकार उलटा, प्रत्येक बॉस आधीच्यापेक्षा बारीक, आणि इतका थोडा की स्क्रीनवर डोळ्याला कळणार पण नाही. मॉडिफायर सगळे अप्लाय कर, कंट्रोल जे करून एकच ऑब्जेक्ट कर, मगच एस 1.01. सुटे ठेवून इंडिव्हिज्युअल ओरिजिनवर स्केल करणारे बघितलेत, त्यात प्रत्येक भाग आपल्या जागेवर फुगतो पण सगळे मिळून बाहेर सरकत नाहीत. तुझा पीसीडी 180 चा 181.8 झालाच पाहिजे आणि पॅनेलमध्ये डायमेन्शन 200 चं 202 दिसलं पाहिजे, त्याशिवाय प्रिंटला सोडू नको.

ग्रे आयर्नला (नेहमीचं सीआय) साधारण 1 टक्का धरतात, अॅल्युमिनियमला 1.3 च्या आसपास, स्टीलला 2. तरी पण फाउंड्रीला विचारून घे, जॉबच्या आकारानं फरक पडतो.

आणि मशीनिंग अलाउन्स (मशीनवर कापायला ठेवलेली जादा जाडी) स्केलमधनं कधीच काढायचा नाही. तो जिथं टूल लागणार त्याच फेसला, एडिट मोडमध्ये तो फेस धरून जी झेड आणि ड्रॉइंगवर दिलाय तेवढा आकडा, आणि हे 1.01 च्या आधी. बोल्टची बारीक होलं पॅटर्नमध्ये ठेवू नको, ती नंतर ड्रिलच होतात.

राजारामपुरी_थ्रीडी
अजून एक, युनिट बघून घे. प्रिंटला जाणाऱ्या एसटीएल फाईलमध्ये युनिट नसतंय, नुसते आकडे जातात आणि स्लायसर (प्रिंटरसाठी मॉडेलचे थर पाडणारं सॉफ्टवेअर) ते मिलिमीटर धरतो. ब्लेंडर मूळ मीटरवर असतंय, त्यामुळं 200 चं कव्हर तिकडं 0.2 चं होऊन उघडतं. आता मॉडेल झालंय तर युनिट बदलत बसू नको, एक्स्पोर्ट करताना स्केल 1000 टाक. पुढच्या जॉबला सुरुवातीलाच युनिट स्केल 0.001 आणि लेंग्थ मिलिमीटर करून घे.

उद्यमनगरकर
आत्ता बघितलं, खरंच 0.2 दिसालंय. 1000 टाकून परत काढतो. अॅरे अप्लाय करून 202 पण आलं.