मदत हवी आहे: सासूबाईंच्या डोळ्यात वेट मॅक्युलर डिजनरेशन, तीन इंजेक्शनं झाली, पुढे काय?

रामबागवाली (इंदूर): सासूबाई 74 वर्षांच्या. डाव्या डोळ्यात वेट एएमडी (वयामुळे डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतो तो आजार, त्यातला पाणी साचणारा प्रकार), उजव्यात ड्राय (पाणी न साचणारा), ड्रुसन (पडद्याखालचे पिवळट साठे) मोठे. डाव्यात महिन्याला एक अशी बेव्हासिझुमॅबची तीन इंजेक्शनं झाली. तक्त्यावरच्या दोन ओळी जास्त वाचतात, ओसीटीत (पडद्याच्या स्कॅनमध्ये) पडद्याखालचं पाणी ओसरलंय. आता म्हणतात, "पाणी गेलं ना, मग सुई कशाला?" शिवाय लग्नासाठी महिनाभर पुण्याला जायचंय. गोळ्यांवर भागेल का? उजव्या डोळ्यावर घरी लक्ष कसं ठेवायचं?

चौकोनी_चष्मा: नाही भागणार. पडद्याखाली उगवलेल्या नाजूक रक्तवाहिन्या झिरपतात म्हणून पाणी साचतं. इंजेक्शन त्यांना खतपाणी घालणारं व्हीईजीएफ हे प्रथिन अडवतं, पण वाहिन्या जागच्या जागी राहतात. औषधाचा असर उतरला की झिरपणं पुन्हा सुरू होऊ शकतं. त्यात रक्तस्राव झाला की व्रण धरतो, आणि तिथली नजर मग कितीही सुया टोचल्या तरी परत येत नाही.

डोळा कोरडा राहिला तर बरेच डॉक्टर अंतर दोन-दोन आठवड्यांनी वाढवतात: 4, 6, 8, जमल्यास 12. पाणी दिसलं की एक पायरी मागे. त्यामुळे लग्नाच्या तारखा आत्ताच सांगा, 6 आठवडे ठरले तर पुणं मधल्या काळात बसेल. सोबत ओसीटीचा नुसता कागद नको, स्कॅनची फाइल पेनड्राइव्हवर घ्या. जुन्याशी ताडल्याशिवाय तिथल्या डॉक्टरांना बदल कळणार नाही.

गोळ्या डाव्या डोळ्यासाठी नाहीतच, उजव्यासाठी आहेत! एक डोळा वेट झालेल्यांचा दुसरा डोळाही धोक्यात असतो. 2001च्या अरेड्स या अभ्यासात अशा गोळ्या घेतलेल्या रुग्णांचा आजार पाच वर्षांत पुढच्या टप्प्यावर जाण्याचा धोका सुमारे 25 टक्क्यांनी घटला. 2013 पासूनचं सूत्र: व्हिटॅमिन सी 500 मिग्रॅ, ई 400 आययू, ल्युटीन 10 मिग्रॅ, झियाझँथिन 2 मिग्रॅ, झिंक 80 मिग्रॅ, तांबं 2 मिग्रॅ. झिंकमुळे शरीरातलं तांबं कमी पडतं, म्हणून ते जोडीला. डबीवर नुसतं "आय केअर" पाहून घेऊ नका, मागचे आकडे वाचा. बीटा कॅरोटीन असेल तर बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना (सोडलेल्यांनाही) ती डबी नकोच, फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. गोळी जेवणानंतर, नाहीतर मळमळतं. रक्त पातळ करणारं औषध चालू असल्यास आधी डॉक्टरांना विचारा.

थेंब_थेंब: उजव्या डोळ्यासाठी आम्सलर जाळी. 10 सेंमीचा चौकोन, 5 मिमीची घरं, मधोमध ठिपका. वाचायचा चष्मा लावून, चांगल्या उजेडात, 30 ते 35 सेंमीवरून, डावा डोळा हाताने *पूर्ण* झाकून ठिपक्याकडे बघायचं. दोन्ही डोळे उघडे ठेवून बघतात, तिथेच फसतं: एकाची चूक दुसरा झाकतो. रोज तीच जागा, तीच वेळ. एखादी रेघ नव्याने लचकली, घर पुसट झालं, की त्याच आठवड्यात ओसीटी. जाळी हरवली तर कालनिर्णयाच्या चौकटी किंवा ओट्यामागच्या टाइल्सचे सांधे, तात्पुरते.

इंजेक्शनच्या दिवशी डोळा चुरचुरतो, तो बहुधा आयोडीनमुळे, दुसऱ्या दिवशी थांबतो. बुबुळाशेजारी लाल डाग उठला, काळे बुडबुडे तरंगले, तरी घाबरू नका. पण पुढच्या काही दिवसांत दुखणं *वाढत* गेलं, लाली वाढली, नजर धूसर झाली, तर जंतुसंसर्ग समजून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रविवार असला तरी.

रामबागवाली: कुणीतरी त्यांना सांगितलंय की हे कॅन्सरचं औषध आहे. आता तेच धरून बसल्या आहेत.

चौकोनी_चष्मा: खरं आहे, लपवू नका. आतड्याच्या कर्करोगात हे शिरेतून बरंच जास्त देतात, डोळ्यात जेमतेम 0.05 मिली जातं. रॅनिबिझुमॅब डोळ्यासाठीच बनलेलं, पण महाग. 2011च्या एका अभ्यासात दोन्ही औषधांची तुलना झाली, वर्षभरानंतर दोघांनी नजर सारखीच राखली. फरक एवढाच की बेव्हासिझुमॅबच्या मोठ्या बाटलीतून छोट्या सिरिंजा भरतात. त्या कुठे, किती निर्जंतुक जागेत भरल्या हे विचारा. आणि अलीकडे पक्षाघात किंवा हार्ट अटॅक येऊन गेला असेल, तर पुढच्या सुईआधी डॉक्टरांच्या कानावर घाला.