सुपरडेलिगेट खरंच निकाल फिरवू शकतात का?

निखिल_वा
अमेरिकेतल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीबद्दल विचारायचं आहे. २०१६ मध्ये न्यू हॅम्पशायरची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायला राज्यात होणारं मतदान, बर्नी सँडर्स यांनी हिलरी क्लिंटन यांच्याविरुद्ध ६० विरुद्ध ३८ टक्क्यांनी जिंकली, तरी बातम्यांत दोघांचे डेलिगेट (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी) १५-१५ दाखवले होते. हे कसं? मतदारांनी एक ठरवायचं आणि पक्षातल्या वजनदार मंडळींनी ते पुसून टाकायचं, असं होऊ शकतं का? आणि २०२४ मध्ये कमला हॅरिस एकही प्रायमरी न लढता उमेदवार झाल्या, तो याचाच प्रकार का?

अनघा_दे
आधी १५-१५ चा उलगडा. न्यू हॅम्पशायरला मतांनुसार वाटायचे २४ डेलिगेट होते. त्यातले सँडर्स यांना १५, क्लिंटन यांना ९. हे 'बांधील' डेलिगेट. याखेरीज राज्याचे ८ सुपरडेलिगेट, म्हणजे मतदारांनी न निवडलेले पण पक्षातल्या पदामुळे डेलिगेट झालेले नेते, होते आणि त्यातल्या सहा जणांनी क्लिंटन यांना पाठिंबा जाहीर केलेला होता. ९ आणि ६ मिळून १५. या सहा जणांनी तेव्हा मत दिलेलंच नव्हतं. ते जुलैमधल्या अधिवेशनात द्यायचं असतं आणि तोवर मन बदलायला कोणी अडवत नाही. २००८ मध्ये खासदार जॉन लुईस यांनी फेब्रुवारीतच क्लिंटन यांना सोडून ओबामांना पाठिंबा दिला होता. नुसता शब्द आणि मिळालेली जागा एकाच रकान्यात मांडणं ही खरी चूक. नोव्हेंबर २०१५ मध्ये, एकही मत पडलेलं नसताना, असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या मोजणीत क्लिंटन यांच्या बाजूने ३५९ आणि सँडर्स यांच्या बाजूने ८ सुपरडेलिगेट होते. शर्यत संपल्यासारखं चित्र तिथूनच तयार झालं. देणगीदार आणि कार्यकर्ते असल्या आकड्यांकडे बघूनच कोणामागे उभं राहायचं ते ठरवतात, म्हणून हा परिणाम मी किरकोळ मानत नाही.

पण निकाल फिरला का? नाही. शेवटी बांधील डेलिगेट क्लिंटन २,२०५ आणि सँडर्स १,८४६. सगळे सुपरडेलिगेट बाजूला काढले तरी क्लिंटनच पुढे.

रा_सोहोनी
हे सुपरडेलिगेट आले कुठून, तेही बघा. १९६८ मध्ये ह्युबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढता शिकागोच्या अधिवेशनात उमेदवार झाले. त्यावर गदारोळ झाला आणि डेलिगेट निवडीचे नियम मतदारांच्या बाजूने बदलले. १९७२ मध्ये मॅकगव्हर्न उमेदवार झाले, पण ५० पैकी ४९ राज्यं हरले. मग पक्षाने लंबक थोडा मागे ढकलला. पक्षाच्याच हंट आयोगाच्या शिफारशीनुसार १९८४ पासून खासदार, गव्हर्नर, राष्ट्रीय समितीचे सदस्य, माजी अध्यक्ष असे लोक पदसिद्ध डेलिगेट झाले. त्याच वर्षी बहुमताची शेवटची पायरी चढायला उमेदवार मॉन्डेल यांना त्यांचाच हात लागला.

२०१८ पासून मात्र नियम वेगळा आहे. २०२० चे आकडे घ्या. बांधील डेलिगेट ३,९७९ आणि सुपरडेलिगेट ७७१. बांधील डेलिगेटांतले १,९९१ ज्याला मिळतील तो अधिवेशनातल्या मतदानाच्या पहिल्या फेरीतच उमेदवार, आणि त्या फेरीत सुपरडेलिगेटांना मत नाही. एखाद्याचे बांधील डेलिगेटच २,३७६ पर्यंत पोहोचले, म्हणजे दोन्ही गट धरूनही त्याचं बहुमत पक्कं असलं, तर सुपरडेलिगेटही पहिल्या फेरीत मत देऊ शकतात, पण त्याने फरक पडत नाही. कोणीच १,९९१ गाठले नाहीत तर दुसऱ्या फेरीत ते ७७१ जण मतदानाला उतरतात, आणि तेव्हा त्यांचं पारडं फार जड असतं. डेमोक्रॅटिक अधिवेशनात दुसरी फेरी शेवटची लागली ती १९५२ मध्ये.

रिपब्लिकन पक्षात प्रत्येक राज्याचे फक्त तीन पदसिद्ध डेलिगेट असतात.

निखिल_वा
मग आता वजनदार मंडळींच्या हातात काहीच उरलं नाही म्हणायचं?

अनघा_दे
उरलं आहे, पण अधिवेशनाच्या सभागृहात नाही. कोणत्या राज्याची प्रायमरी आधी, हे पक्षाची राष्ट्रीय समिती ठरवते. २०२४ ला तिने साउथ कॅरोलायनाला पहिला मान दिला. न्यू हॅम्पशायरने न जुमानता आधी मतदान घेतलं, तर त्या मतपत्रिकेवर बायडेन यांचं नावच नव्हतं.

दुसरं हत्यार म्हणजे योग्य वेळी कोणाला तरी माघार घ्यायला लावणं. २०२० मध्ये २६ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायनाचे वजनदार खासदार क्लायबर्न यांनी बायडेन यांना पाठिंबा दिला. २९ ला बायडेन साउथ कॅरोलायना जिंकले. १ मार्चला प्रतिस्पर्धी बुटिजेज बाहेर पडले, २ ला क्लोबुचर, आणि ३ ला सुपर ट्यूसडे, म्हणजे अनेक राज्यांत एकदम मतदान होतं तो दिवस. हे इतकं परिणामकारक का, ते १५ टक्क्यांच्या अटीत आहे. त्याखाली मतं पडली तर डेलिगेट शून्य, आणि वाटप फक्त अट ओलांडणाऱ्यांत. समजा एका मतदारसंघात ६ डेलिगेट आहेत आणि मतं ४८, ३४, १२, बाकी किरकोळ. १२ वाला गळला. उरलेल्या ८२ मध्ये पहिल्याचा वाटा ३.५१, दुसऱ्याचा २.४९. पूर्णांक ३ आणि २. उरलेला एक मोठ्या अपूर्णांकाला, म्हणून ४-२. आता १२ टक्केवाल्याने आधीच माघार घेऊन त्याची मतं दुसऱ्याकडे वळली असती तर ४८-४६ होऊन ३-३ वाटणी झाली असती. जिथे डेलिगेट ४ च आहेत तिथे दोघांच्या लढतीत ६० टक्के घेऊनही २-२ च होतं. ३-१ साठी साडेबासष्टच्या वर जावं लागतं. म्हणून एकदा मागे पडलेला उमेदवार ही तूट सहज भरून काढू शकत नाही.

मु_केळकर
२०२४ चं उत्तर राहिलं. तिथे खेळ सुपरडेलिगेटांचा नव्हता. बांधील डेलिगेट म्हणून कोण जाणार, ती नावं उमेदवाराची मोहीम तपासते आणि नको ती कापते. त्यामुळे प्रायमरीतून आलेले सुमारे ३,९०० डेलिगेट ही बायडेन यांच्या मोहिमेने पारखून घेतलेली माणसं होती. नियम त्यांना एवढंच सांगतो की निवडून देणाऱ्यांच्या भावना प्रामाणिकपणे मांडा. २१ जुलैला बायडेन यांनी माघार घेऊन हॅरिस यांना पाठिंबा दिला आणि ही माणसं त्यांच्यामागे गेली. दुसऱ्याला उतरायला बंदी नव्हती. ३०० डेलिगेटांच्या सह्या हव्या होत्या, एका राज्यातून ५० पेक्षा जास्त नाहीत. त्या फक्त हॅरिस यांनीच जमवल्या. मतदान ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ऑनलाइन झालं, शिकागोच्या अधिवेशनाआधीच.

माझ्या मते यात मतदारांवर अन्याय झाला, पण तो ऐन जुलैत नाही. प्रायमरीत बायडेन यांच्यासमोर कोणी तगडा नेता उभाच राहिला नाही, अन्याय तिथे झाला. अशा वेळी मतदाराला निवड करायला हातात काही राहत नाही, मग पहिल्या फेरीचा नियम कितीही चांगला असो.