मदत हवी आहे: दोन नर गिनीपिग येतायत, पावसाळ्यात सुकं गवत टिकवायचं कसं?

पुढच्या रविवारी दोन नर गिनीपिग घरी येतायत, सख्खे भाऊ, तीन महिन्यांचे, दोघं नरच आहेत हे व्हेटने बघितलंय. मुलुंडला वन बीएचके, बाल्कनी नाही, एसी फक्त बेडरूममध्ये. हॉलमध्ये जाळीचे पॅनल जोडून ५ बाय २ फुटांचा पिंजरा केलाय, दुकानातला तयार पिंजरा दोन नरांना पुरला नसता. भांडणं नकोत म्हणून बाटल्या, वाट्या, लपायची खोकी सगळं डबल, खोक्यांना दोन-दोन दारं कापलीत म्हणजे एकाने दुसऱ्याला आत कोंडायला नको. क जीवनसत्त्वासाठी रोज ढोबळी मिरची देणारे, ते जमेल.

घोडं अडलंय गवताशी. टिमोथी नावाच्या सुक्या गवताचं छोटं पाकीट ऑनलाइन मागवून बघितलं, चिमटा लावून ठेवलेलं तरी चार दिवसांत कुबट वास, मग उरलेलं पिठाच्या स्टीलच्या डब्यात घट्ट बंद केलं तर अजूनच दमट, खाली पांढरी बुरशी, सगळं फेकलं. ओला चारा तबेल्यातून मिळेल पण मुख्य खाणं सुकं गवतच हवं ना, दात झिजायला. नुसत्या तयार खाद्याच्या गोळ्यांवर (पेलेट्सवर) ठेवायचं नाहीये.

मुंबईत पाळणाऱ्यांनी सांगा, दोघांना महिन्याला साधारण किती किलो लागतं, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तुम्ही ते नक्की कशात ठेवता?