व्यंगचित्र छापलं आणि दगड आले, तर दोष कोणाचा?

कृष्णाकाठ:
सांगलीत आम्ही चौघं मिळून छोटा दिवाळी अंक काढतो, सहाशे प्रतींचा. यंदा एका तरुण पोराचं व्यंगचित्र आलंय. मंडळाची पोरं खुद्द गणपतीकडेच वर्गणी मागतायत, तो पितांबराचा सोगा झटकून दाखवतोय, आणि पायाशी उंदीर कानात कापसाचे बोळे कोंबतोय. मला चित्र फार आवडलं. पण प्लेट काढायच्या आधीच प्रेसवाल्या काकांचा फोन आला. "प्रूफ मंडळाच्या पोरांनी बघितलंय. हे पान माझ्याकडे नको. काचा फुटल्या तर भरून कोण देणार? अंकावर मुद्रक म्हणून नाव माझं असतं."

सहसंपादक म्हणतो, काचा फुटल्या तर दोष आपलाच, कळत असून छापलं म्हणून. मला हे पटत नाही, आणि त्याचं कारण जुनं आहे. ७ जानेवारी २०१५ ला पॅरिसमध्ये, पैगंबरांची व्यंगचित्रं छापणाऱ्या 'शार्ली एब्दो' या व्यंग-साप्ताहिकाची संपादकीय बैठक चालू असताना बंदूकधारी आत शिरले. १२ माणसं गेली. दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर एक मित्र म्हणाला, "झालं ते वाईटच, पण त्यांनीही तसली चित्रं काढायला नको होती." मी मान डोलावली. अजून दफनही न झालेल्या माणसांवर मी अर्धा गुन्हा टाकून घरी आलो होतो. ते आजही बोचतं. तुम्हाला काय वाटतं?

काळा डगला:
वकिली करतो, म्हणून आधी कायद्याचं. १९२० च्या दशकात लाहोरात पैगंबरांची टवाळी करणारी एक पुस्तिका निघाली. प्रकाशक राजपाल यांना १९२७ मध्ये हायकोर्टाने सोडलं, कारण तेव्हाच्या कलमात ते बसत नव्हतं. लोक खवळले आणि त्याच वर्षी धार्मिक भावना दुखावण्याबद्दलचं कलम २९५-अ आलं. तरी १९२९ मध्ये राजपाल यांचा खून झालाच. आज तेच कलम भारतीय न्याय संहितेत २९९ म्हणून आहे. त्याला 'जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने' केलेला अपमान लागतो. वर्गणीच्या दादागिरीवरचं चित्र त्यात बसवणं अवघड, पण तक्रार कोणीही करू शकतं आणि खेटे तुम्हालाच घालावे लागतील.

१९८९ चा रंगराजन खटला मात्र जरूर वाचा. निदर्शनं आणि हिंसेच्या धमकीला भिऊन अभिव्यक्ती दाबणं म्हणजे धाकदपटशापुढे शरण जाणं, असं सुप्रीम कोर्टाने म्हटलंय. दगड उचलणाऱ्याला स्वतःचा हात असतो, त्याचा जाब त्यालाच विचारा.

खाडीपलीकडची:
मी मुंब्र्याची. 'शार्ली एब्दो'चं मुखपृष्ठ 'अवधनामा' या उर्दू दैनिकाच्या मुंबई आवृत्तीत बातमीसोबत छापलं गेलं होतं. संपादक शिरीन दळवींनी लगेच माफी मागितली. तरी गुन्हे दाखल झाले, मुंब्रा पोलिसांनी त्यांना अटक केली, ती आवृत्ती बंद पडली. एरवी बुरखा न घालणारी ही बाई ओळखू येऊ नये म्हणून बुरखा घेऊन बाहेर पडत होती.

माझ्या अब्बांना ते चित्र खरंच लागलं होतं. चष्मा काढून बराच वेळ गप्प बसले. मग पेपरची घडी घालून कपाटावर ठेवली आणि दुसऱ्या दिवशी पोऱ्याला सांगितलं, "उद्यापासून टाकू नको." एवढंच. खाली चौकात ओरडणारी पोरं 'आमच्या भावना' म्हणत होती तेव्हा अब्बांना कोणीच विचारलं नव्हतं. दुखावलेल्यांच्या नावावर दगड खपवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

तासगावकर:
सगळं मान्य. पण काचा काकांच्या आहेत, तुमच्या नाहीत. स्वतःच्या जिवावर धैर्य दाखवा, त्यांच्या भाकरीवर नको. दोष दगडवाल्याचाच, पण काकांची काळजी घेणं तुमचं काम आहे.

कृष्णाकाठ:
तासगावकर, हे मला सुचलंच नव्हतं. आज काकांकडे जाऊन आलो. तेवढं पान दुसरीकडे छापून घेतोय, खर्च माझा, आणि चित्राखाली संपादक म्हणून माझं नाव आणि फोन नंबर जाईल. मंडळाच्या अध्यक्षांना पहिली प्रत मी स्वतः नेऊन देणार आहे.

ताई, तुमच्या अब्बांचं वाचून कट्ट्यावरच्या त्या मित्राला फोन लावला. तेव्हा मान डोलावली ते चुकलं, असं त्याला सांगितलं. तो अजून त्याच मताचा आहे. रविवारी घरी बोलावलंय.