निवड होते, पण मॅचच्या दिवशी पोरं येत नाहीत. १५ हजार नेमके कुठे घालावेत?

शिट्टी_आणि_खडू (प्रश्न)

कोल्हापूरजवळ, करवीर तालुक्यातली खासगी अनुदानित शाळा, पाचवी ते दहावी. पालक बहुतेक शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीत फौंड्रीवर, बाकीचे शेतमजुरी, सेंट्रिंग, धुणीभांडी. मैदान आहे, मुरमाचं. पोरांच्यात खेळ आहे, त्याबद्दल वाद नाही. अडचण ही की सरावाला २२ जण असतात आणि स्पर्धेला निघायच्या वेळी ११-१२ उरतात. नेमके चांगले खेळणारेच गायब. विचारलं की उत्तर ठरलेलं, "सर, पाय दुखतोय."

माजी विद्यार्थी १५,००० रुपये देणार आहेत. १७ वर्षांखालील फुटबॉल संघातल्या गरीब १८ जणांना स्टड (फुटबॉलचे बूट) घ्यावेत असं चाललंय. ७०० चा जोड धरला तर १२,६०० होतात, उरलेल्यात प्रवास. मुलींचा खो-खोचा संघही आहे, त्यांच्यासाठी काहीच उरत नाही. हे गणित बरोबर आहे का? शासनाकडून काही मिळतं का?

तांबडी_माती

गणित उलटं मांडलंय. "पाय दुखतोय" म्हणजे बहुतेक वेळा खिशात तिकिटाचे पैसे नाहीत, डबा नाही, नाहीतर त्या दिवशी कामावर जायचंय. सरावाला घरातून चालत येता येतं, म्हणून तिथं २२ दिसतात. गळती गाडीत बसताना होते. म्हणून आधी स्पर्धेच्या दिवसाचा खर्च बाजूला काढा, बूट नंतर.

१८ मुलं आणि दोन शिक्षक. एका बाजूचं तिकीट ३० धरलं तर जाऊन-येऊन १,२००. चहा, केळी, दुपारचं जेवण डोईस ४० प्रमाणे ८००. म्हणजे दिवसाला २,०००. शालेय स्पर्धा बाद पद्धतीच्या असतात, हरलं की त्याच दिवशी घरी. पण जिंकलं तर दुसऱ्या दिवशी परत जावं लागतं, आणि संघ कोलमडतो तो इथंच, कारण पहिल्या दिवसाचे पैसे कसेबसे जमवलेले असतात. तीन दिवसांची तरतूद करा: ६,०००. ही रक्कम फुटबॉलला पूर्ण लागली नाही तर खो-खोच्या मुलींना वापरा.

उरले ९,०००. आठ जोड बूट, ५,६००. अकरा जोड शिनगार्ड (नडगीवर बांधायच्या पट्ट्या) साधारण १२० प्रमाणे १,३२०. फुटबॉलच्या नियमात शिनगार्ड सक्तीचे आहेत, नसले तर पंच आत सोडत नाहीत. बदली खेळाडू आत जाताना बाहेर येणाऱ्याचे घेतो, म्हणून अकरा पुरतात. प्रथमोपचार पेटी ९००: क्रेप बँडेज दोन रुंदीचं, कापूस, पोव्हिडोन आयोडीन, चिकटपट्टी, कात्री, ओआरएस. हाती राहतात १,१८०, त्यात मोजे. जर्सीला हात लावू नका. जर्सी द्यायला गल्लीतलं मंडळ मिळतं, त्यावर नाव छापता येतं ना. तिकिटावर कुणाचं नाव छापता येत नाही, म्हणून तिकिटाला कुणी देणगी देत नाही.

एसटीत ५ ते १२ वयाला अर्धं तिकीट आहे. मुलींना आणि शिक्षिकांना महिला सन्मान योजनेत, मार्च २०२३ पासून, पन्नास टक्के सवलत आहे. म्हणजे मुलींचा संघ निम्म्या भाड्यात जातो. पैसे नाहीत म्हणून आधी मुलींचाच संघ रद्द करणं, हे खर्चाच्या हिशेबातही बसत नाही. वडापनं (भाड्याच्या खासगी जीपनं) जायचं तर माणसं मोजून बसवा. छोट्या हत्तीच्या (मालवाहू टेम्पोच्या) हौद्यात पोरं भरून नेऊ नका. माल वाहायच्या गाडीत माणसं नेणं बेकायदा आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिला आक्षेप तिथंच घेते.

नोंदवही

शासनाचं विचारलंत म्हणून. समग्र शिक्षा या शासनाच्या शालेय योजनेत क्रीडा साहित्याला प्राथमिकला ५,०००, उच्च प्राथमिकला १०,००० आणि माध्यमिकला २५,००० पर्यंत तरतूद आहे, पण ती सरकारी शाळांना, म्हणजे जिल्हा परिषद, महापालिका वगैरे. तुमची खासगी अनुदानित, त्यात येत नाही. तुमच्यासाठी जवळची वाट ग्रामपंचायत. स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करणं तिच्यावर बंधनकारक आहे. मुलींच्या खो-खोचे बूट, ट्रॅकपँट त्यातून मागा. मागणी तोंडी नको. मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र, मुलींची संख्या, वस्तू, अंदाजपत्रक, आणि मासिक सभेत ठराव. मार्चमध्ये गेलात तर पैसे संपलेले असतात. दिवाळीच्या आत अर्ज द्या म्हणजे पुढच्या वर्षाच्या आराखड्यात बसतो.

देणगीचे १५,००० शिक्षकाच्या खात्यावर किंवा फोन-पेवर घेऊ नका, कितीही सरळ माणूस असला तरी. शाळेच्या खात्यात, पावती फाडून. बूट आणि शिनगार्ड जडसंग्रह नोंदवहीत (शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीत) चढवा. पुढच्या वर्षी मुख्याध्यापक बदलले तरी वस्तू शाळेच्याच राहतात. नाहीतर कपाटाची किल्ली ज्याच्याकडे, त्याचे बूट.

आता कागद. अर्धी पोरं पैशापायी बाहेर राहतात, तर काही कागदापायी, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. शालेय स्पर्धेत वय ३१ डिसेंबरला मोजतात, त्या दिवशी १४ किंवा १७ पूर्ण झालेलं चालत नाही. १ जानेवारीचा जन्म आत, आदल्या दिवसाचा बाहेर. सुब्रतो कपचे (शाळांची वेगळी फुटबॉल स्पर्धा) वयोगट वेगळे आहेत, तिथली यादी इकडं उतरवू नका. जूनमध्येच प्रत्येकाचा जन्मदाखला, आधार आणि शाळेचं जनरल रजिस्टर यांतलं नाव आणि तारीख एका रांगेत लिहून काढा. फरक दिसेल: एकीकडं "सोन्या", दुसरीकडं पाळण्यातलं नाव, एकीकडं १ जून, जी शाळेत नाव घालताना सोयीसाठी टाकलेली असते.

जन्माची नोंदच नसेल तर एक वर्षानंतर ती दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय होत नाही, त्यात महिने जातात. रजिस्टरमधली दुरुस्ती मुख्याध्यापक स्वतःच्या अधिकारात करू शकत नाहीत, ती शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीनं होते. ऑगस्टमध्ये प्रवेशिका भरायला बसल्यावर हे सुरू केलं तर ते पोरगं त्या वर्षी गेलं म्हणायचं.

पेठेतला_गोलकीपर

भावा, बुटाचं सांगतो, कारण लई जण इथंच पैसं घालवत्यात.

मुरमाच्या मैदानाला लांब, स्क्रूचे स्टड चालत नाहीत. ते ओल्या गवताचे. कडक जमिनीवर सगळा भार चार-सहा टोकांवर येतो. पोरं १० ते १५ च्या वयात असली की टाचेच्या हाडाची वाढीची जागा कवळी असते, महिनाभरात टाच दुखायला लागते आणि पोरगं लंगडत घरी बसतं. रबराचे, आखूड आणि संख्येनं जास्त स्टड असलेले घ्या. वरचं कातडं सिंथेटिक असलं तरी चालेल, सोल वाकवून बघा: पुढच्या तिसऱ्या भागात वाकला पाहिजे, मधोमध नाही.

नंबर तोंडी विचारू नका. पोरगं भावाच्या चपलेचा नंबर सांगतं. कागदावर उभं करून, दोन्ही पायांवर भार देऊन, पेन्सिल सरळ उभी धरून पाय उतरवा. संध्याकाळी उतरवा, दिवसभरात पाय थोडा फुगतो. सगळ्यात लांब बोटापासून एक सेंटिमीटर जागा सोडा, त्याच्यावर नाही. "पुढच्या वर्षी पण येतील" म्हणून दोन नंबर मोठे घेतले की पाय आत सरकतो, नखं काळी पडतात, घोटा मुरगळतो. वाढतं पोर वर्षभरात एक नंबर पुढं जातं, म्हणूनच बूट त्याच्या मालकीचा नको, शाळेचा पाहिजे. या वर्षी सहाचा घालणारा पुढच्या वर्षी सातचा घेईल, सहाचा खालच्या वर्गाला.

नवा जोड मोच्याकडं नेऊन सोल कडेनं शिवून घ्या, पहिल्या सरावाच्या आधी. नुसता चिकटवलेला सोल आपल्या पावसात दोन-तीन आठवड्यांत तोंड उघडतो. एकदा आत पाणी आणि माती शिरली की नंतर सोल्युशन धरत नाही. भिजलेला बूट उन्हात किंवा चुलीजवळ ठेवायचा नाही, डिंक सुटतो. आत वर्तमानपत्राचे बोळे, दोन-तीन तासांनी बदलायचे, वाऱ्याला. जिभेच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटनं नंबर टाका.

बूट वाटून घालता येतात, मोजे नाही. मोजे ज्याचे त्याचे. नाहीतर एकाची बोटांमधली खाज आठ जणांना.

आणखी एक. आठच्या आठ नवे घेऊ नका. तालमींच्या (कोल्हापुरातल्या फुटबॉल क्लबांच्या) सिनियर संघातली पोरं सीझन संपल्यावर बूट बदलतात, सात-आठ-नऊ नंबरचे चांगले जोड नुसते पडून असतात. शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत जाऊन मागा, मे-जूनमध्ये. लहान नंबर मात्र तिथं मिळणार नाहीत. चार-पाच-सहा विकत घ्या, मोठे मागून आणा.

शिट्टी_आणि_खडू

"गरीब १८ जणांना" हा शब्द मीच लिहिला आणि आता तोच खटकतोय. यादी कशी करायची? उत्पन्नाचा दाखला मागायचा का? आणि देणगीदारांना वाटपाचा फोटो हवाय.

रंकाळ्याचा_वारा

यादीच करू नका. दाखला मागितला की ज्याला खरी गरज आहे तो पहिला मागं सरतो. पंधरा वर्षांच्या पोराला बुटापेक्षा अब्रू मोठी. बूट एका फळीवर, सगळ्यांना खुली. ज्याच्या घरी गाडी आहे त्यानंही तिथनंच घ्यायचे. वाटप शिक्षकानं करू नये, कप्तानानं वही धरावी: नंबर, नाव, नेलं, आणलं. अनामत नको, हरवला तर दंड नको. दंड लावला की पोरगं बूट परत द्यायला येतच नाही आणि सरावालाही येत नाही. आठात एखादा जोड जाणार हे धरूनच चाला.

फोटो हवाच असेल तर फळीवर मांडलेल्या बुटांचा द्या, नाहीतर मॅचनंतरच्या पूर्ण संघाचा. हातात बूट घेऊन उभं केलेल्या पोराचा नाही. ते चित्र गावच्या ग्रुपवर फिरतं आणि बापाला फौंड्रीत ऐकून घ्यावं लागतं.

तिकिटाचंही तसंच. "कुणाकडं पैसे नाहीत?" असं वर्गात विचारायचं नाही. सगळ्यांचं तिकीट शाळा काढते, विषय संपला.

मजुरीची गोष्ट वेगळी, ती पैशानं सुटत नाही. नववी-दहावीची पोरं सुट्टीला सेंट्रिंगवर, केटरिंगला वाढपी म्हणून जातात. कार्यक्रमपत्रिका आली की आठ दिवस आधी घरी कळवा. आदल्या दिवशी कळवलं तर तोवर मुकादमाला शब्द गेलेला असतो. चिठ्ठी देऊ नका, फोन करा, आणि शिफ्ट बघून. आईला सांगितलेलं जास्त टिकतं.

मुलींबाबत पालक तीन गोष्टी विचारतात, तोंडानं विचारत नाहीत इतकंच: बरोबर बाई कोण आहेत, कपडे काय घालायचे, अंधारापूर्वी परत येणार का. बोलावण्याच्या निरोपातच तिन्हीची उत्तरं द्या. खो-खोला चड्डीखाली पायभर लेगिंग चालते का ते आयोजकांना आधी विचारून ठेवा. पेटीत सॅनिटरी पॅड ठेवा, आणि मैदानावर पोहोचल्यावर शिक्षिकेनं पहिल्यांदा स्वच्छतागृह कुठं आहे ते बघावं. नसेल तर मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत आणि दुसऱ्या डावात चक्कर येते. पंच मग म्हणतात, पोरींच्यात दम नाही.

नोंदवही

फळीच्या कल्पनेला पूर्ण सहमती. फक्त शेवटच्या रकान्यात तारीख टाका, नाहीतर लेखापरीक्षणात "वापर सिद्ध होत नाही" असा शेरा येतो.

दुखापतीचं कुणी लिहिलं नाही. क्रेप बँडेज बांधून दोन दिवसांत सूज उतरली नाही तर सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात) केस पेपर काढून एक्स-रे. "तेल लावून चोळ" हे पहिल्या दोन दिवसांत अजिबात नको, सूज वाढते. मोठा अपघात झाला तर राजीव गांधी विद्यार्थी अपघात सानुग्रह अनुदान योजनेत शाळेमार्फत प्रस्ताव जातो. मुरगळणं, खरचटणं त्यात येत नाही.

तांबडी_माती

एक गट राहिला: ऊसतोड मजुरांची पोरं. ती येतात गळीत हंगामाबरोबर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. तोवर तालुक्याच्या स्पर्धा उरकलेल्या असतात, प्रवेशिका बंद. त्यांना संघात घेतो म्हणून सांगू नका, कागदावर ते शक्य नाही. शाळेतल्या आंतरवर्गीय सामन्यांत घ्या, आणि ते सामने मुद्दाम डिसेंबर-जानेवारीत ठेवा. पोरगं खरंच वेगळं दिसलं, वय ८ ते १४ मध्ये असलं, तर क्रीडा प्रबोधिनीची (शासनाची निवासी खेळशाळा) चाचणी द्यायला लावा: ३० मीटर धाव, ६ गुणिले १० मीटर शटल, उभी उडी, मेडिसिन बॉल फेक, ८०० मीटर वगैरे. तिथं राहणं, जेवण, शिक्षण शासनाचं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकचं नेमबाजीतलं ब्राँझ, तोही प्रबोधिनीतनंच पुढं गेला.

आणि १५ हजारांत भागलं नाही तर घाबरू नका. १९५२ ला पैलवान खाशाबा जाधवांना हेलसिंकी ऑलिंपिकला पाठवायला राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून ७,००० उभे केले होते. तुमच्या मुख्याध्यापकांना तेवढं करावं लागणार नाही, फक्त ग्रामपंचायतीच्या पत्रावर वेळेत सही करायला सांगा.

शिट्टी_आणि_खडू

ठीक. स्टडची ऑर्डर थांबवली. ६,००० प्रवासाला वेगळे, पैसे शाळेच्या खात्यात. शनिवारी शाळा सुटल्यावर सगळ्या संघाचे पाय कागदावर उतरवतो, मुलींचेही.

पेठेतला_गोलकीपर

शनिवारी सकाळची शाळा असेल ना? मग सुटल्यावर लगेच नको. सराव झाल्यावर घ्या माप. आणि मोजे घालून.