मदत हवी आहे: आईच्या आवाजातल्या ओव्यांची जुनी कॅसेट

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आईचं वर्षश्राद्ध आहे. गाव बार्शी तालुक्यातलं. १९७२ च्या दुष्काळात तिनं खडी फोडली, वाट्याला आलेली सुकडी पदरात बांधून आम्हा भावंडांसाठी घरी आणली. स्वतः काय खाल्लं, ते कधी बोलली नाही. पुढे नातवंडांना पायांवर घेऊन न्हाऊ घालायची, शेक-शेगडी करायची. सातही नातवंडं तिच्याच हातची.

माझ्या भाचीच्या बारशाला तिनं पाळणा आणि जात्यावरच्या ओव्या म्हटल्या होत्या. तिच्या आवाजाची तेवढी एकच ६० मिनिटांची कॅसेट उरली आहे. फितीवर पांढरी बुरशी आली आहे आणि एके ठिकाणी ती तुटली आहे. टेपरेकॉर्डरमध्ये घालायचं धाडसच होत नाही.

बुरशी साफ करून, फीत जोडून, आवाज संगणकावर घेऊन देणारं खात्रीचं कुणी पुण्यात किंवा सोलापुरात माहीत आहे का? कुरिअरनं पाठवायची नाही, मी स्वतः घेऊन येईन. घरी जमण्यासारखं असेल तर तेही सांगा.

आणखी एक. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या बायकांच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. आमच्या भागातल्या ओव्या त्यात कशा शोधायच्या? आई 'पहिली माझी ओवी' म्हणून सुरुवात करायची, पुढचे शब्द आम्हा कुणालाच नीट आठवत नाहीत. तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना विचाराल का?