अमेरिकेत टिप किती द्यायची? आई-बाबा सोबत आहेत

कॉलेजरोडकर:
मे महिन्यात आई-बाबांना घेऊन न्यूयॉर्कला निघालोय, परतताना टोकियो. बाबांचं गाडं टिपवर अडलंय. इथे मिसळ खाऊन बडीशेपेच्या ताटलीत वीस रुपये ठेवतात, तेही मनापासून. पण शंभर डॉलरच्या जेवणावर वर वीस डॉलर? "पगार मालक देतो ना?" म्हणतात. नाही दिली तर चालतं का?

सिडकोवाला:
काउंटरवरून कॉफी घेतली तर सक्ती नाही. मशीनच्या स्क्रीनवर 'नो टिप' असतं, खुशाल दाबा. टेबलावर वाढलं असेल तर मात्र द्याच.

पंचवटीची लेक:
दादा, बाबांचा प्रश्न रास्त आहे. लग्नानंतर ह्यूस्टनला असताना वर्क परमिट मिळाल्यावर मी एका रेस्टॉरंटात वाढायचं काम केलं. तिथे टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला २.१३ डॉलर दिले तरी कायद्याने चालतं. केंद्राचा हा दर १९९१ पासून तसाच आहे. टिप धरून तासाला ७.२५ डॉलर, म्हणजे केंद्राचं किमान वेतन, भरलं नाही तर वरचा फरक मालकाने द्यायचा. न्यूयॉर्कमध्ये मूळ पगार याहून बरा असला तरी घर चालतं ते टिपवरच.

आणखी एक. आमच्याकडे शिफ्ट संपली की टेबलं उचलणाऱ्या मुलाला आणि बारवाल्याला वाटा द्यावा लागे, तोही आमच्या टेबलांच्या एकूण बिलावर. म्हणजे कुणी काहीच न ठेवता उठलं, तर त्या टेबलाचा वाटा माझ्या खिशातून जायचा. पाय सुजेपर्यंत उभं राहून वर हे. म्हणून कळकळीने सांगते, १८ ते २० टक्के धरूनच हॉटेल निवडा. बजेट नसेल तर पिझ्झा स्लाइस घ्या, त्यात कमीपणा नाही.

न्यूयॉर्कमध्ये हिशोब सोपा आहे: बिलावर ८.८७५ टक्के टॅक्स असतो, त्याची दुप्पट करा. मोठा ग्रुप असेल तर 'ग्रॅच्युइटी', म्हणजे टिपच, आधीच लावलेली असते, बिल नीट वाचा. खोली आवरणाऱ्या बाईंसाठी रोज दोन-पाच डॉलर ठेवा. शेवटच्या दिवशी एकदम नको, कारण माणूस बदलतं.

टोकियोत टेबलावर काहीही ठेवू नका. विसरलात समजून परत द्यायला धावत येतील.

कॉलेजरोडकर:
ताई, बाबांना २.१३ वाचून दाखवलं. "मग द्यायलाच हवी," म्हणाले. सुट्या नोटा इथूनच न्याव्यात का?

पंचवटीची लेक:
जमल्यास एक आणि पाचच्या न्या. हॉटेलच्या रिसेप्शनवरही सुटे करून देतात.